पॅसेजचा दिवा हालचालीवर कसा लावावा आणि मुख्य म्हणजे कधी मालवावा

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत बेडरूम ते बाथरूम असा एक अंधारा पॅसेज बऱ्याच घरांत सापडतो. रात्री घरातली वयस्कर माणसं तिथून भिंत चाचपत जातात. मोशन सेन्सरवर दिवे करायचे मनात असेल, तर सुरुवात तिथूनच करा, हॉल नंतर. दिवा लागणं सोपं असतं. तो योग्य वेळी मालवणं हेच खरं प्रोग्रॅमिंग.

इथे उदाहरण होम असिस्टंटचं घेतलं आहे. घरातली उपकरणं आपोआप चालवणारी ही मोफत, ओपन सोर्स प्रणाली रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा जुन्या लॅपटॉपवरही चालते. सोबत झिगबी डोंगल (झिगबी या बिनतारी पद्धतीच्या उपकरणांशी बोलणारी, संगणकाला लावायची कांडी), प्रकाशही मोजणारा झिगबी मोशन सेन्सर आणि स्विचबोर्डामागे बसणारं, उजेड कमी-जास्त करणारं डिमर मॉड्यूल लागेल.

पायरी १ : आधी बोर्ड उघडून बघा

तपकीर गल्लीत खरेदीला जाण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या फ्लॅटच्या स्विचबोर्डात न्यूट्रल वायर आणलेली नसू शकते आणि अनेक मॉड्यूल्सना ती लागतेच. ती नसेल तर न्यूट्रलशिवाय चालणारं मॉड्यूल घ्या. त्यावर कमी वॉटचा एलईडी असेल तर बंद असतानाही तो मिणमिणू शकतो. मग दिव्याजवळ बायपास नावाचा छोटा भाग जोडावा लागतो. बल्बच्या खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं हवं. हे काम 230 व्होल्टचं आहे, तेव्हा मेन स्विच बंद करूनच करावं.

नुसता स्मार्ट बल्ब का नको? घरातल्या कुणी सवयीने बटण बंद केलं की बल्बचा पुरवठाच तुटतो आणि सेन्सरचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही. मॉड्यूल असलं की आजींचं नेहमीचं बटणही चालतं आणि सेन्सरही.

पायरी २ : सेन्सरची जागा

साधा सेन्सर पीआयआर पद्धतीचा असतो. अंगाच्या उष्णतेतून येणारे इन्फ्रारेड किरण एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकले की त्याला हालचाल कळते. म्हणून माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल असा तो लावा. थेट त्याच्याकडे चालत येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो. उंची साधारण दोन मीटर ठेवा. ऊन येणारी खिडकी आणि स्वयंपाकघरातला गॅस त्याच्या नजरेत नकोत. एप्रिल-मेमध्ये भिंती तापून अंगाच्या तापमानाजवळ पोचतात, तेव्हा त्याची नजर मंदावते. सेन्सिटिव्हिटीची सोय असेल तर त्या दिवसांत वाढवा.

पायरी ३ : ऑटोमेशन

सेन्सर आणि मॉड्यूल जोडून झाले की ‘सेटिंग्ज’मधल्या ‘ऑटोमेशन्स अँड सीन्स’मध्ये नवं ऑटोमेशन, म्हणजे आपोआप चालणारा नियम, उघडा.

‘व्हेन’ : सेन्सरला हालचाल दिसली.
‘अँड इफ’ : प्रकाश 20 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) कमी. आकडा आपल्या पॅसेजमध्ये वाचून ठरवा.
‘देन डू’ : दिवा लावा, सेन्सर ‘क्लिअर’ होईपर्यंत (म्हणजे त्याला हालचाल दिसेनाशी होईपर्यंत) थांबा, आणखी 2 मिनिटं थांबा, दिवा मालवा.

सूर्यास्ताची अट घालण्याचा मोह होतो, पण पुण्यात सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासातला होतो. शिवाय पावसाळ्यात भर दुपारीही पॅसेज काळोखा असतो. लक्सची अटच बरी.

आता मोड, म्हणजे ऑटोमेशन चालू असताना ते पुन्हा सुरू झालं तर काय करायचं ते. मूळचा मोड ‘सिंगल’ असतो. त्यात ती 2 मिनिटं चालू असताना पुन्हा कुणी आलं तर त्याची दखलच घेतली जात नाही आणि दिवा माणसाच्या डोक्यावर विझतो. मोड ‘रीस्टार्ट’ करा, म्हणजे प्रत्येक नव्या हालचालीला मोजणी पहिल्यापासून सुरू होईल.

इतकं करूनही दिवा मध्येच जातो, अशी तक्रार पुष्कळांची असते. त्याचं कारण लक्सच्या अटीतच दडलेलं आहे. दिवा लागला की त्याच्याच उजेडाने लक्स 20 च्या वर जातो. नवी हालचाल झाली तरी अट पुरी होत नाही, त्यामुळे मोजणी नव्याने सुरू होत नाही आणि जुनी मोजणी संपताच दिवा मालवतो. उपाय असा : ‘अँड इफ’मध्ये ‘ऑर’ घालून दोन पर्याय द्या, प्रकाश कमी आहे किंवा दिवा आधीच चालू आहे. ही अट विसरू नका.

पायरी ४ : रात्रीचा उजेड

दिवा लावण्याच्या जागी ‘चूज’ घ्या. रात्री 11 ते पहाटे 5:30 उजेड 10 टक्के, एरवी 80. झोपेतून उठलेल्या डोळ्यांवर भगभगीत पांढरा प्रकाश मारू नये. पिवळसर बल्ब निवडा.

पायरी ५ : वीज गेली-आली तर

मोजणी चालू असताना वीज गेली आणि होम असिस्टंटही बंद पडलं, तर मोजणी पुसली जाते आणि दिवा तासन् तास जळत राहू शकतो. मॉड्यूलच्या ‘पॉवर-ऑन बिहेव्हियर’मध्ये ‘ऑफ’ निवडा. होम असिस्टंट सुरू होताच हा दिवा मालवणारं छोटं ऑटोमेशनही करा. घरात इन्व्हर्टर असेल तर रास्पबेरी पाय त्याच्यावर घ्या.

मग घरातल्या सगळ्यांना नेहमीसारखं वावरू द्या. दिवा चुकला की त्या ऑटोमेशनचा ‘ट्रेस’ उघडा : कोणत्या अटीवर गाडी अडली ते तिथे पायरीगणिक दिसतं.