लहान चाकांच्या घडीच्या सायकलची गिअरव्यवस्था बदलताना

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादमार्गे खुलताबादला जाताना घाट लागतो आणि २० इंची चाकांच्या घडीच्या सायकलला हलका गिअर किती गरजेचा आहे, हे तिथे कळते. पुढच्या चक्राला ५२ आणि मागच्या चक्राला २८ दाते असतील, तर ५२ भागिले २८ गुणिले २० म्हणजे सुमारे ३७ गिअर-इंच (गिअर किती जड आहे ते सांगणारे माप; आकडा लहान तितका गिअर हलका) मिळतात; मागे ३२ दाते घेतल्यास हाच आकडा ३२.५ होतो आणि चढ बराच सुसह्य वाटतो.

गिअरचे नवे भाग खरेदी करण्यापूर्वी मागचे हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, नीट पाहावे. त्यावर आट्यांनी बसणारे फ्रीव्हील (दात्यांच्या चक्रांचा जुन्या पद्धतीचा संच) असेल, तर कॅसेट (हबवरच्या खाचांत सरकवून बसवायचा चक्रांचा संच) त्यावर बसत नाही आणि हब किंवा संपूर्ण चाकच बदलावे लागते. माझ्या मते बहुतेकांचे बजेट इथेच कोलमडते. नवे हब बसेल ना हे कळण्यासाठी, मागचे चाक जिथे बसते त्या फ्रेमच्या दोन टोकांमधील अंतरही मोजावे. शिफ्टरचे (हँडलवरच्या गिअर बदलण्याच्या खटक्याचे) टप्पे आणि मागच्या चक्रांची संख्या सारखीच हवी.

डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) शक्यतो आखूड पिंजऱ्याचा, म्हणजे साखळी धरणारी खालची पट्टी आखूड असलेला, पण ३२ दात्यांचे चक्र पेलणारा निवडावा, कारण लांब पिंजरा लहान चाकाखाली जमिनीच्या फार जवळ येतो. नवी साखळी डिरेलरमधून न ओवता दोन्हीकडच्या मोठ्या चक्रांवरून गुंडाळावी आणि जुळण्याच्या जागेपुढे दोन कड्या जास्त ठेवून तोडावी. मर्यादा-स्क्रू (डिरेलर चक्रांच्या बाहेर जाऊ नये म्हणून असलेले स्क्रू) लावल्यावर सायकल एकदा घडी करून केबल ताणली जात नाही ना, हे तपासावे.

काळ्या मातीची धूळ तेलकट साखळीवर लगेच चिकटते, म्हणून तेल थेंबाथेंबाने घालून उरलेले पुसून काढावे.