मुद्गल फिरवायला शिकताना: आधी हलका, मग जड

पाच किलोचे डंबेल सहज उचलणारा माणूस मुद्गलही (व्यायामासाठी फिरवायचा, बारीक मुठीचा लाकडी दांडा) पाच किलोचाच मागतो, आणि आठवडा संपायच्या आत कोपर चोळत बसतो. मुद्गलाचे वजन डंबेलसारखे मोजायचे नसते. डंबेलचा भार मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखा वाटलेला असतो. मुद्गलाचा बहुतेक भार मुठीपासून लांब, फुगीर पोटात असतो, आणि शिवाय तो फिरत असतो.

हिशेब करून पाहा. सरळ हाताने १ किलोचा मुद्गल फिरवला तर त्याचा भार खांद्यापासून साधारण ८५ सेंटीमीटरवर पडतो. दोन सेकंदांना एक फेरा या संथ गतीने तो अगदी खाली येतो, त्या क्षणी हाताला सुमारे १.९ किलोची ओढ बसते. तोच फेरा एका सेकंदात मारला तर ओढ ४.४ किलोच्या आसपास जाते. वेग दुप्पट झाला की फिरण्यामुळे येणारी ओढ चौपट होते. म्हणून सुरुवातीला वजनही कमी आणि गतीही कमी. दोन्हींपैकी एकच पाळणारे बरेच असतात.

जोडी कोणती घ्यावी

खांदे मोकळे करणारा मुद्गल वेगळा आणि ताकद वाढवणारा वेगळा. नाव एकच असल्यामुळे घोटाळा होतो. हलक्या जोडीतला एकेक मुद्गल ४० ते ५० सेंटीमीटर लांब आणि अर्धा ते एक किलोचा असतो. ताकदीचा, तालमीत ज्याला करेलही म्हणतात तो, ६० सेंटीमीटरच्या पुढचा आणि तीन-चार किलोंपासून वर कितीही. नवख्याने, मग तो कितीही दणकट असो, अर्ध्या किलोच्या जोडीने सुरुवात करावी. हे वजन लाजिरवाणे वाटत असेल तर एक लक्षात घ्या: ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या खेळाडू वापरतात त्या क्लबचे किमान वजन फक्त १५० ग्रॅम असते, आणि त्यांच्या खांद्यांना कोणी कमकुवत म्हणणार नाही. याच हलक्या मुद्गलांच्या फेऱ्यांसाठी १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये पदकेही होती.

हातात घेऊन तीन गोष्टी तपासा. लाकडाच्या रेषा मुठीपासून बुडापर्यंत उभ्या जातात का. मुद्गलाच्या मानेपाशी, म्हणजे मूठ संपून पोट सुरू होते तिथे, त्या आडव्या तुटत असतील तर मुद्गल नेमका तिथेच मोडतो. मुठीच्या टोकाचा गोळा करंगळीला अडेल एवढा मोठा आहे का; तो लहान असेल तर घामेजल्या हातातून मुद्गल सुटतो. आणि जोडीच्या वजनात फरक किती; स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा, वीस-तीस ग्रॅम चालतील, शंभर ग्रॅम नाही. चकचकीत वॉर्निश मुठीवर असेल तर ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. (तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडके पसरून वाळवा.)

जागा मोजायची ती पावलांनी नाही, मुद्गलानेच. हात वर ताणून मुद्गल उभा धरा. त्याच्या टोकापासून छतापर्यंत किमान एक वीत मोकळी हवी. उंची १७० सेंटीमीटर असली तरी टोक अडीच मीटरच्या वर जाते, त्यामुळे पंख्याखाली उभे राहायचा प्रश्नच येत नाही. तसेच चारही बाजूंना हात पसरून बघा, मागेही. पाय अनवाणी किंवा सपाट तळव्याच्या बुटात. मुले आणि कुत्री-मांजरे खोलीबाहेर.

आधी खांद्याची परीक्षा

खांदा हा उखळीचा सांधा आहे, पण उखळ फार उथळ. म्हणूनच तो चहूकडे फिरतो आणि म्हणूनच निसटतोही. त्याला जागेवर धरून ठेवतात ते मुख्यतः रोटेटर कफचे, म्हणजे सांध्याभोवतीच्या पट्ट्याचे, चार स्नायू. हात पूर्ण वर जातो तेव्हा अंदाजे दोन तृतीयांश हालचाल या सांध्यात होते आणि एक तृतीयांश मागच्या फऱ्याच्या हाडाची. फरा जखडलेला असेल तर तो वाटाही सांध्यालाच उचलावा लागतो, आणि दुखणे तिथून सुरू होते.

भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा भिंतीपासून एक वीत पुढे. कंबर भिंतीला टेकलेली ठेवून दोन्ही हात सरळ वर न्या. अंगठे भिंतीला लागले तर डोक्यावरून जाणारे फेरे करायला हरकत नाही. कंबर सुटून पुढे आली किंवा बरगड्या वर उचलल्या गेल्या, तर पहिले तीन-चार आठवडे फेरे खांद्याच्या उंचीखालीच ठेवा. दुसरी परीक्षा: एक हात खांद्यावरून, दुसरा कमरेकडून पाठीमागे नेऊन बोटांमधले अंतर कुणाकडून तरी मोजून घ्या, मग हात बदलून. दोन्ही आकडे लिहून ठेवा. एका बाजूचा आकडा बहुधा जास्त येईल. काळजीचे कारण नाही, पण महिन्याने पुन्हा मोजा.

खांदा पूर्वी निखळलेला असेल, रात्री कुशीवर झोपल्यावर दुखत असेल, हाताला मुंग्या येत असतील, फ्रोझन शोल्डर (खांदा आखडण्याचा आजार) दुखण्याच्या टप्प्यात असेल किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. हात बाजूने वर नेताना मधल्याच पट्ट्यात, साधारण ६० ते १२० अंशांत, कळ येत असेल तरीही तेच.

पकड आणि झोका

मुठीचा गोळा करंगळीच्या बाहेर राहील असे धरा. मूठ आवळायची नाही. मुद्गल खाली येताना बोटे आपोआप घट्ट होतात, वर जाताना सैल पडतात, आणि पाठीमागच्या छोट्या फेऱ्यात तर अंगठा, तर्जनी व मधले बोट एवढ्यांच्या कडीत मूठ फिरते. सतत आवळून धरण्याचा दंड मनगटाला आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला भरावा लागतो. पहिल्या आठवड्यातली कोपरदुखी बऱ्याचदा इथूनही येते, फक्त वजनातून नव्हे.

उभे राहताना पावले खांद्याएवढी रुंद, गुडघे किंचित सैल, पोट आत. कोपरे बरगड्यांजवळ, मुद्गल उभे. पहिले दोन दिवस एवढेच करा: एक मुद्गल बाजूला ठेवा आणि दुसरा धरलेला हात घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे झुलू द्या. नंतर शरीरासमोर डावीकडून उजवीकडे. मुद्गल उचलायचा नाही. पडू द्यायचा, आणि वर चढताना त्याच्या मागोमाग जायचे. हात आणि मुद्गल एका रेषेत आहेत का ते पाहा. मनगट वाकले असेल तर मुद्गल हाताच्या आधी किंवा नंतर पोचतो आणि झोक्याला झटका बसतो.

मोठा फेरा

उजव्या हाताचा बाहेरचा फेरा असा: हात खालून छातीसमोर डावीकडे जातो, डाव्या बाजूने वर, डोक्यावरून उजवीकडे आणि उजव्या बाजूने खाली. कोपर सरळ, पण ताठ नाही. आतला फेरा याच्या उलट. छातीसमोर मोठी काच उभी आहे असे समजा. मुद्गलाने तिच्यावर वर्तुळ काढायचे आहे. काच सोडून मुद्गल पुढे गेला तर पुढच्या वेळी गुडघ्यावर आपटतो. हे टाळायला कंबर वळू देऊ नका, नाभी समोरच.

गती दोन सेकंदांना एक फेरा. फोनवर मेट्रोनोम (ठरलेल्या गतीने ठोके देणारे अ‍ॅप) मिनिटाला ६० वर लावा: एका ठोक्याला वर, पुढच्याला खाली.

पाठीमागचा फेरा

खरी किमया इथे आहे, आणि खरी गफलतही. खांदे मोकळे होतात ते मुख्यतः याच फेऱ्याने, कारण यात दंडाचे हाड उखळीत बाहेरच्या बाजूला वळते आणि फऱ्याला वर सरकावे लागते.

पहिल्यांदा मुद्गलाशिवाय करा. उजवा हात डोक्यावर सरळ, मग कोपर दुमडा; कोपर वर आणि किंचित बाहेर, मूठ कानाच्या मागे-वर. आता मूठ त्याच जागी ठेवून मनगटाने लहानसे वर्तुळ काढा. हात बऱ्यापैकी स्थिर राहिला की मुद्गल घ्या. तो उजव्या खांद्याबाहेरून खाली पडतो, पाठीमागून मणक्याकडे जातो आणि डोक्याच्या मागून वर येतो. वर येताच हात पुन्हा सरळ.

मुद्गल डोक्याला लागला, तर मूठ मानेच्या फार जवळ आली आहे. फऱ्यावर आपटला, तर कोपर खाली आले आहे. हवेत अडखळला, तर मूठ आवळलेली आहे. आणि काहीही न लागता फेरा होतोय पण कंबर दुखते, तर बरगड्या पुढे काढून तुम्ही पाठीच्या कमानीने जागा मिळवत आहात; खांद्याने काहीच केलेले नाही. ही शेवटची चूक आरशात दिसत नाही. फोन बाजूला ठेवून दहा फेऱ्यांचे चित्रण करा, लगेच कळेल. लाकडी मुद्गलाने डोके शेकण्याची भीती वाटत असेल तर टोकाला जुना जाड मोजा चढवा. त्यात काही कमीपणा नाही, आणि भीतीने मान आखडून घेण्यापेक्षा ते बरे.

मोठा फेरा आणि मागचा फेरा वेगवेगळे जमले की जोडा: एक समोर, एक मागे, हात न थांबवता. एका हाताने सलग वीस जमल्याशिवाय दुसऱ्या हातात मुद्गल घेऊ नका. दोन्ही हात एकदम सुरू केले की डावा हात उजव्याची नक्कल अर्धवट करतो, आणि मुद्गल एकमेकांवर आपटतात. आधी दोन्ही हात एकत्र बाहेर, मग एकत्र आत, आणि सगळ्यात शेवटी आगे-मागे, म्हणजे एक वर असताना दुसरा खाली.

किती आणि कधी

आठवड्यातून चार दिवस, दहा मिनिटे. पहिले दोन आठवडे झोका आणि मोठा फेरा, प्रत्येक हाताने प्रत्येक दिशेला दहा, असे दोन वेळा. कमजोर हाताने सुरुवात करा आणि दुसऱ्याने त्याच्यापेक्षा जास्त करू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मागचा फेरा. पाचव्यापासून जोड आणि पुढे दोन्ही हात. श्वास रोखायचा नाही. मोजणी मोठ्याने म्हटली की तो आपोआप चालू राहतो.

आखडलेला हात ताण देऊन सैल करणे आणि दुखता हात रेटणे यांत फरक आहे. ओढ बसणे ठीक. सांध्यात टोचणे, कळ किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही टिकणारे दुखणे आले तर दोन दिवस सुट्टी, आणि परत सुरू करताना निम्म्या फेऱ्या.

अर्ध्या किलोवर सलग शंभर जोड-फेरे, कुठेही न लागता आणि गती न बिघडता झाले, की पाऊण किंवा एक किलोवर जा. वजन वाढवले की फेरे तीसवर आणा. हलकी जोडी मात्र मोडीत काढू नका. अंग तापवायला तीच लागते.

जड मुद्गल

एक किलोची जोडी दोनेक महिने निभावली तर तीन-चार किलोचा एकच मुद्गल घ्या, दोन्ही हातांनी. एक हात गोळ्यापाशी, दुसरा त्याच्या वर. मुद्गल छातीसमोर उभा. तो उजव्या खांद्यावरून मागे सोडा, पाठीमागून डाव्या बाजूला झुलू द्या आणि डाव्या खांद्यावरून ओढून पुढे आणा. ओढताना श्वास सोडा, आणि मुद्गल छातीसमोर पूर्ण थांबला की मगच पुढचा. पाठीमागे तो खाली पडतो तेव्हा दंडाचा मागचा भाग आणि पाठीचे बाजूचे स्नायू भाराखाली ताणले जातात. ताकद याच ताणातून ओढण्यात आहे. ढुंगण आवळलेले ठेवा, नाहीतर भार कमरेवर जातो.

दोन्ही बाजूंना पाच-पाच, तीन पाळ्या, मध्ये दीड-दोन मिनिटे विश्रांती, आठवड्यातून फक्त दोन दिवस. इथे दमतात ते आधी हाताचे पंजे, खांदे नंतर. पकड सैल पडू लागली की ती पाळी तिथेच संपवा. जड मुद्गल हातातून सुटतो तो शेवटच्या दोन फेऱ्यांत, आणि सुटला की भिंतीपर्यंत जातो. तळहात कोरडे ठेवायला टाल्कम किंवा चिमूटभर बारीक माती पुरते.

महिन्यातून एकदा मुद्गलाच्या मानेवर आणि मुठीच्या बुडाशी नख फिरवून तडा शोधा. नख अडकले तर तो मुद्गल बाजूला ठेवा. वर फेविकॉल आणि सुतळी गुंडाळून पुन्हा फिरवू नका.