रेस कारच्या इंजिनाला विजेवर चालणारा वॉटर पंप बसवताना

पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाचा वेग इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला असतो. त्यामुळे स्टार्ट लाइनवर किंवा पिटमध्ये गाडी उभी असताना पाणी संथ फिरते, आणि शर्यत संपवून इंजिन बंद केले की अभिसरणच थांबते, जरी सिलिंडर हेडमधील उष्णता तेव्हा बाहेर पडू पाहत असते. विजेचा पंप ही अडचण दूर करतो आणि इंजिनावरचा थोडा भारही वाचवतो.

पंप रेडिएटरच्या खालच्या नळीत, शक्य तितका खाली बसवावा, कारण तो पाणी ढकलण्यात तरबेज असला तरी हवा ओढण्यात दुबळा असतो. जुन्या पंपातील पंखा काढावा. पंपाचा वेग तापमानानुसार बदलणारा कंट्रोलर लावणार असाल, तर थर्मोस्टॅटही (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप) काढावा, अन्यथा दोन नियंत्रक एकमेकांशी भांडत बसतात.

वायरिंगला मात्र वेळ द्यावा. बॅटरीपासून स्वतंत्र, जाड वायर, फ्यूज आणि रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घ्यावा. मुंबईच्या दमट, खारट हवेत जोड लवकर गंजतात, म्हणून ते सीलबंदच करावेत; कुर्ल्याच्या बाजारातील स्वस्त कनेक्टरवर येथे काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पंप वीज खातो, म्हणून अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) क्षमताही तपासावी.

शेवटी गाडीचे नाक उंच करून पाणी भरावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत पंप चालवावा. १ बार जादा दाब धरणाऱ्या झाकणामुळे साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, म्हणून गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. मुंबईत शर्यतीचे कायमस्वरूपी सर्किट नसल्याने, चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या सर्किटला निघण्यापूर्वी ही चाचणी गॅरेजमध्येच उरकावी.