नवा टीव्ही घेताना या चुका टाळा: आधी मागची बाजू बघा

नागपुरात बर्डीवरच्या कुठल्याही दुकानात जा, ओळीनं लावलेले टीव्ही चालू असतात. फुलं, पोपट, निळा समुद्र. आपण चित्र बघतो, किंमत विचारतो, घासाघीस करतो आणि घेऊन येतो. मागे काय काय आहे ते कोणी विचारत नाही. घरी आल्यावरचा अर्धा त्रास मात्र तिथूनच सुरू होतो.

आमच्याकडे तेच झालं. मानेवाड्याच्या घरी ५५ इंची टीव्ही आला, बसवणाऱ्या मुलानं तो लगेच भिंतीवर टांगला आणि निघून गेला. संध्याकाळी साउंडबार जोडायला घेतला. त्यासाठी लागणारं एचडीएमआय सॉकेट (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारं) नेमकं भिंतीकडे तोंड करून होतं. टीव्ही आणि भिंत यांच्यात जेमतेम दोन बोटांची फट, आणि वायरचं डोकंच त्याहून लांब. मोबाइलचा टॉर्च लावून अर्धा तास हात घालून पाहिला, मनगट सोलून निघालं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा परत आला. एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, टीव्ही उतरवावाच लागते."

त्यामुळे दुकानात पहिलं काम हे करा: टीव्हीला वळसा घालून सॉकेटं कुठल्या बाजूला आहेत ते बघा. भिंतीवर लावायचा असेल तर ती कडेला किंवा खाली हवीत. मागे असतील तर पुढे ओढता येणारा स्टँड घ्या.

वायरी घरून मोजून जा

सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, मुलांचा गेम, कधीमधी लॅपटॉप. ही चार एचडीएमआय झाली. स्वस्त टीव्हीत दोनच असतात. माझ्या मते तीनच्या खाली घेऊच नका. आता या तिन्हींत साउंडबारसाठीचं सॉकेट सहसा एकच असतं. त्याच्या शेजारी एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असतं, म्हणजे टीव्हीचा आवाज त्यातून साउंडबारकडे जातो. बसवणारा माणूस पुष्कळदा सेट-टॉप बॉक्स त्याच सॉकेटात खुपसतो आणि मग आपण साउंडबारला दोष देत बसतो.

आवाज येत नसेल तर आधी वायर दोन्हीकडे एआरसीच्याच सॉकेटात आहे ना ते बघा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे जोडलेली यंत्रं एकमेकांना चालवू देणारी सोय, चालू करा. प्रत्येक कंपनी त्याला आपलं वेगळं नाव देते. आवाजाचं आउटपुट साउंडबारवर आहे ना तेही बघा. तरीही गप्प असेल तर डिजिटल आउटपुट पीसीएमवर, म्हणजे साध्या, न दाबलेल्या आवाजावर, ठेवून बघा. पुष्कळदा इथेच काम होतं.

जुन्या यंत्रांचं दुखणं वेगळं. ताईच्या लग्नाच्या डिस्क लावायला बाबांनी डीव्हीडी प्लेयर जपून ठेवलाय, पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीचा. नव्या टीव्हीला ती तीन भोकं नव्हतीच. काही टीव्हींना त्याऐवजी एव्ही इन लिहिलेलं एकच बारीक भोक असतं, हेडफोनसारखं. त्याची जोडवायर टीव्हीसोबतचीच वापरा. दुसरी लावली तर पिनांचा क्रम जुळत नाही, मग चित्र गायब होतं किंवा आवाजाच्या जागी नुसती घरघर येते. तेही भोक नसेल तर कन्व्हर्टर मिळतो, पण मागताना दिशा नीट सांगा. एव्हीतून एचडीएमआय करणारी डबी आणि एचडीएमआयतून एव्ही करणारी डबी दिसायला सारख्याच असतात, आणि एकीचं काम दुसरी करत नाही. बाबांनी ताईची पाठवणी पुन्हा पाहिली तेव्हा या डबीसाठी घातलेल्या दोन चकरा मला जड वाटल्या नाहीत.

आकडे आणि आकार

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे आणखी मोठा घ्यायचा मोह होतो. आधी टेप घ्या. ५५ इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप. रुंदी साधारण १२२ सेंटीमीटर भरते. टेबलावर ठेवणार असाल तर दोन पायांतलं अंतरही विचारा, कारण पाय बहुतेक दोन टोकांना असतात. फोरके, म्हणजे जास्त बारकावे दाखवणारा, ५५ इंची समोर सहा-सात फुटांवर बसून छान दिसतो. दिवाण बाजूला असेल तर दुकानात त्या कोनातून उभं राहून बघा. काही पॅनेलांचा रंग कडेनं पाहिला की फिका पडतो.

खोक्यावरच्या मोशन रेट १२०, २४० या आकड्यांना भुलू नका. पॅनेलचा खरा रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्यानं उमटतं, किती हर्ट्झ आहे, एवढंच विचारा. गेमसाठी घेत असाल तर नुसतं एचडीएमआय २.१ लिहिलेलं पुरत नाही. फोरके १२० हर्ट्झ चालतं का, आणि कोणत्या सॉकेटात, हे कागदावर दाखवायला सांगा. घरी गेम खेळणारं कोणी नसेल तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

चित्र घरी आल्यावर भडक वाटलं तर बहुधा टीव्ही दुकानाच्या मोडमध्ये राहिलाय. सेटिंगमध्ये होम निवडा.

आपला उन्हाळा, आपला पाऊस

बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात लावू देत नाही. तिच्यावर टीव्ही लावू नका. कूलरच्या सरळ झोतातही नको. ती ओली हवा आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार सॉकेटांत जाऊन बसतो.

पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. विजेचा झटका छतावरच्या डिशच्या वायरीतून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयमधून टीव्हीत शिरू शकतो. आभाळ भरून आलं की, विजा जवळ येण्याआधीच, प्लग काढा आणि डिशची वायरही बॉक्समधून सोडवा.

आणि बसवणारा आला की टीव्ही टांगण्याआधी पलंगाला टेकवून सगळ्या वायरी एकदा लावून, चालवून बघा. मग मागच्या सॉकेटांचा मोबाइलवर फोटो काढा, आणि त्यानंतरच त्याला भिंतीला ड्रिल लावू द्या.