बावीस इंची जुनी सायकल मुलांसोबत नवी करताना

रंग शेवटी. आधी सायकल पूर्ण खोला आणि प्रत्येक टप्प्याला मुलाला फोटो काढू द्या. जोडताना तेच फोटो कामी येतात.

सर्वांत जास्त अडते ती क्रँकची (पॅडलचा दांडा) कॉटर पिन, म्हणजे दांडा मधल्या धुऱ्याला घट्ट धरणारी पाचर. नट आट्यांच्या टोकाशी येईपर्यंतच सैल करा, क्रँकखाली लाकडी ठोकळ्याचा भक्कम आधार द्या आणि एकच जोरदार घाव घाला. हळूहळू ठोकल्यास पिन वाकते आणि मग ड्रिल करावी लागते. हे काम मोठ्यांनीच करावे. नव्या पिना मात्र दोन्ही बाजूंना उलट दिशेने बसवा, नाहीतर पॅडल एका रेषेत येत नाहीत. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, तेही लक्षात ठेवा.

बेअरिंगचे छर्रे (पोलादी गोळ्या) मुलांकडे सोपवा. मागच्या हबला (चाकाचा मधला भाग) सहसा प्रत्येक बाजूला पाव इंची ९, पुढच्याला ३/१६ इंची १०. रॉकेलमध्ये धुऊन, मोजून वाटीत ठेवायचे. एकही खड्डा पडलेला दिसला तर सगळा संच बदला. कोन, म्हणजे छर्ऱ्यांना दाबून धरणारा आट्यांचा शंकू, फार आवळू नका. चाक अडखळले की छर्रे लवकर खराब होतात.

गंज १२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, ४०० ने गुळगुळीत करा. रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तर) लावून ते सुकल्यावर रंगाचे तीन पातळ हात. पावसाळ्यात रंगवू नका, दमट हवेत चकाकी जाते. रंग कोणता, हे मुलानेच ठरवावे.