कल्पित जगातले शब्द मराठीत बसवताना

माझ्या कादंबरीतलं बेट काल्पनिक आहे. कच्चा खर्डा वाचणारे त्यातल्या नव्या शब्दांमुळे दुसऱ्याच पानावर अडखळायचे. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची जोडूनही भागेना. मग घोडा, नदी, सैनिक यांची नवी नावं काढूनच टाकली. जी गोष्ट आपल्या जगात नाहीच, तिलाच नवा शब्द ठेवला. उदाहरणार्थ, सावलीवरचा कर: 'झोरा'.

खरा फरक पडला तो विभक्तीने. 'क्झ्रिथ'सारख्या बनवलेल्या शब्दाला प्रत्यय लावताना जीभ अडते, लिंगही ठरत नाही. 'झोरा' मात्र 'घोडा'सारखा चालतो: झोऱ्याला, झोऱ्याचा, अनेकवचन झोरे. (लिंग आधीच ठरवा, नाहीतर क्रियापदं डळमळतात.) व्याख्या कुठेच दिली नाही. "ढग आलेत, आज झोरा माफ!" असं एक कोळीण म्हणते. तेवढ्यावर सगळ्यांना तो कळला.