शाळेची जागा आणि पिवळी बस: अमेरिकेतल्या वाढत्या काउंटीत स्कूल प्लॅनरचं काम

गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मेसेज करून विचारलं की तू नक्की करतेस काय, आणि प्लॅनिंग किंवा जीआयएस (कॉम्प्युटरवरचे नकाशे आणि त्यांचा डेटा) शिकून या कामात येता येतं का. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात उत्तर दिलं, आता एकदाच नीट लिहिते.

मी मूळची तासगावकडची. बी. प्लॅनिंग पुण्यात, मग इकडे मास्टर्स, आणि आता बरीच वर्षं वॉशिंग्टनजवळच्या उत्तर व्हर्जिनियात शाळा खात्यात प्लॅनर आहे. माझ्या ऑफिसचं नाव लिहित नाहीये. उदाहरणं मात्र तिथल्याच लाउडन काउंटीची (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) देते, कारण वाढ म्हणजे काय ते तिथे आकड्यातच दिसतं. १९९० च्या जनगणनेत लोकसंख्या ८६,१२९. २००० मध्ये १,६९,५९९. २०१० मध्ये ३,१२,३११ आणि २०२० मध्ये ४,२०,९५९. म्हणजे तीस वर्षांत जवळपास पाचपट! ॲशबर्न, ब्रॅम्बल्टन, साउथ रायडिंग ही नावं आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असतील, कुणाचा ना कुणाचा तरी भाऊ तिथे राहतोच. जिथे शेतं आणि घोड्यांची कुरणं होती तिथे टाउनहाउसच्या रांगा आल्या, आणि त्या प्रत्येक रांगेतून सकाळी मुलं बाहेर पडतात. त्यांना बसायला वर्ग हवा आणि वर्गापर्यंत पोचायला बस हवी. आमचं काम एवढंच, पण या "एवढंच"मध्ये पाच-सात वर्षं आधीपासून विचार करावा लागतो.

पहिलं काम अंदाजाचं. पुढच्या वर्षी आणि दहा वर्षांनी किती मुलं असतील? मूळ पद्धत सोपी आहे, तिला कोहॉर्ट सर्व्हायव्हल म्हणतात. यंदा दुसरीत हजार मुलं होती, पुढच्या वर्षी तिसरीत १,०३० दिसली तर गुणोत्तर १.०३, अशी चार-पाच वर्षांची गुणोत्तरं काढून पुढे न्यायची. बालवाडीसाठी, म्हणजे इथल्या किंडरगार्टनसाठी, पाच वर्षांपूर्वीचे जन्म बघायचे (व्हर्जिनियात ३० सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण हवीत). पण वाढत्या काउंटीत जन्मांवर भागत नाही, कारण मूल जन्मतं हैदराबादला किंवा न्यू जर्सीत आणि शाळेत येतं आमच्याकडे. म्हणून मंजूर झालेल्या पण अजून न बांधलेल्या घरांचा हिशोब ठेवावा लागतो. स्वतंत्र घर, टाउनहाउस, अपार्टमेंट, प्रत्येक प्रकारात दर घरामागे सरासरी किती विद्यार्थी येतात तो दर काढायचा. समजा टाउनहाउसमागे अर्धं मूल धरलं तर ३०० घरांमागे १५० मुलं.

इथे मी एक गोष्ट शिकले ती पुस्तकातून नाही. तो दर पूर्ण काउंटीचा एकच धरला की फसगत होते. मी आधी ज्या ठिकाणी होते तिथे मेट्रो येणार म्हणून अपार्टमेंट्स मंजूर झाली, सगळ्यांचं म्हणणं की तरुण, एकटी माणसं राहतील, मुलं कमी. मी त्या बिल्डिंगमध्ये ओळखीच्यांकडे गणपतीला गेले तर दारापुढे लहान चपलांचा ढीग, दोन बेडरूमच्या भाड्याच्या घरात दोन मुलं, कारण आईबापांनी घर शाळा बघूनच घेतलेलं. मी ऑफिसात सांगितलं, वेगळा दर काढून दाखवला, पण तोवर बजेट पुढे गेलं होतं आणि ती शाळा पुढची तीन वर्षं मागच्या मैदानावर ट्रेलरचे वर्ग लावून चालली. तेव्हापासून दर काढताना शेजार-शेजारच्या वस्त्या वेगळ्या करून, चालू विद्यार्थ्यांचे पत्ते घराच्या प्रकाराशी जुळवून मगच काढते. नवीन येणाऱ्यांनी हेच आधी शिकावं असं मला मनापासून वाटतं, सॉफ्टवेअर नंतर.

आता जागा. आपल्याकडे विकास आराखड्यात शाळेचं आरक्षण टाकतात आणि महाराष्ट्राच्या नगररचनेच्या, म्हणजे एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ मुळे दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक नोटीस देऊन ते आरक्षण सोडवून घेऊ शकतो, प्लॅनिंग शिकलेल्यांना हे पाठ असतं. इथे आरक्षणाचा तसा शिक्का नाही. व्हर्जिनियात रीझोनिंग, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलून मागताना बिल्डर आपणहून काही देऊ करतो, त्याला प्रॉफर म्हणतात: शाळेची जमीन, रस्ता, कधी रोख. २०१६ च्या कायद्याने घरांच्या प्रकल्पांवरचे प्रॉफर खूपच आवळले, २०१९ मध्ये थोडे सैल केले. जमीन मिळाली नाही तर बाजारभावाने घ्यायची, आणि लाउडनमध्ये बाजारभाव म्हणजे डेटा सेंटरवाल्यांशी स्पर्धा. ॲशबर्नच्या बाजूला सपाट, वीज जवळ असलेला तुकडा दिसला की डेटा सेंटर उभं राहतं. त्यांच्या करातूनच काउंटीला भरपूर पैसा येतो, शाळाही त्यावर चालतात, हे खरं आहे, पण तेच शाळेच्या जमिनीचा भावही चढवतात आणि ही गाठ सोपी नाही.

किती जमीन लागते? शाळांच्या इमारती आखणाऱ्यांची सीईएफपीआय नावाची संस्था होती, तिचा जुना ठोकताळा असा की प्राथमिकला १० एकर आणि दर शंभर मुलांमागे एक एकर, मिडल स्कूलला २० पासून सुरू, हायस्कूलला ३० पासून. म्हणजे ६०० मुलांच्या प्राथमिक शाळेला १६ एकर. हा नियम त्या संस्थेनेच नंतर सोडून दिला, कारण त्याच्या नादात जुन्या, चालत जाता येणाऱ्या शाळा बंद पडून गावाबाहेर मोठ्या शाळा गेल्या. तरी जागा शोधताना डोक्यात मोठा आकडाच असतो, मैदानं, बस लूप, पार्किंग, पावसाच्या पाण्याचं तळं या सगळ्याला जागा लागते. आणि नकाशावर २० एकर दिसले तरी त्यात पूररेषा, पाणथळ, हाय टेन्शन लाइन, डलस विमानतळाचा आवाजाचा पट्टा, एखादी जुनी स्मशानभूमी (इथे गुलामगिरीच्या काळातल्या विनानावाच्या कबरी सापडतात, त्यांना हात लावायचा नाही, लावूही नये) हे वजा करत गेलं की अकराच उरतात. पूर्व लाउडनमध्ये खाली डायबेसचा दगड लागतो, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा चुलतभाऊच, तो फोडायचा खर्च बजेट हलवून टाकतो. साइट व्हिजिटला गेल्यावर नुसते फोटो काढू नका, जिओटेक रिपोर्ट (जमिनीखाली माती-दगड काय आहे त्याचा अहवाल) मागा.

माझी सगळ्यात मोठी चूक जागेच्याच बाबतीतली. ते ऑफिस वेगळं, मी नवीन होते. बिल्डरने फुकट देऊ केलेली जागा, छान सपाट. मी जीआयएसमध्ये शाळेभोवती एक मैलाचं वर्तुळ काढलं, आतली घरं मोजली, आणि लिहिलं की एवढी मुलं चालत येतील. मीटिंगमध्ये तो नकाशा सगळ्यांना आवडला. शाळा उघडली आणि कळलं की त्यातली निम्मी घरं चौपदरी हायवेच्या पलीकडे. सरळ रेषेत सहाशे मीटर, पण ओलांडायला सिग्नल नाही, फुटपाथ नाही, आणि व्हर्जिनियात जवळपास सगळ्या काउंट्यांचे रस्ते व्हीडॉटकडे, म्हणजे राज्याच्या वाहतूक खात्याकडे असल्यामुळे क्रॉसिंग मागायचं तर वेगळी फाइल, वेगळी वर्षं. त्या सहाशे मीटरसाठी दोन बस रोज लावाव्या लागल्या. शाळा पन्नास वर्षं राहणार, म्हणजे त्या बसही राहणार. मला अजून त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून वर्तुळ काढत नाही, रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर काढते आणि ते अंतर स्वतः चालून बघते, शक्यतो सकाळी सातला, अंधारात.

यावरून लक्षात आलं असेल की जागा आणि बस हे दोन विषय नाहीतच. बऱ्याच ठिकाणी ते दोन वेगळ्या मजल्यांवर बसतात, जागा ठरवून झाली की ट्रान्सपोर्टेशनला कळवतात, आणि मग ती माणसं वर्षानुवर्षं निस्तरत बसतात. नवीन नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात ट्रान्सपोर्टेशनच्या लोकांबरोबर चहा-कॉफी घ्या आणि एक दिवस पहाटे पाचला बस डेपोत जा. मी गेले होते. ड्रायव्हर बाई टॉर्च घेऊन बसचं प्रत्येक चाक, दिवा, मागचं इमर्जन्सी दार तपासत होती. त्या एका फेरीत मी जे शिकले ते दोन सेमेस्टरमध्ये शिकले नव्हते.

बसचं गणित थोडक्यात. ७७ सीटची बस म्हणजे एका बाकावर तीन लहान मुलं धरून, हायस्कूलची मुलं मोठी दप्तरं घेऊन दोनच बसतात, म्हणजे पन्नासच्या आसपास. एकच बस आणि एकच ड्रायव्हर सकाळी आधी एका प्रकारच्या शाळेची फेरी करतो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, याला टिअर म्हणतात, म्हणून शाळांच्या वेळा वेगवेगळ्या. वेळ पंधरा मिनिटं हलवली तरी शेकडो फेऱ्या हलतात. २०१४ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की मिडल आणि हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करू नका, किशोरवयीन मुलांची झोप उशिरा लागते. बरोबरच आहे. पण मग लहानांना पहाटे आणायचं का? बॉस्टनने २०१७ मध्ये कॉम्प्युटर अल्गोरिदमने वेळा बसवल्या, हिशोबात उत्तम होत्या, पालक इतके भडकले की मागे घ्याव्या लागल्या. आणि लुईव्हिल, केंटकीमध्ये ऑगस्ट २०२३ ला ड्रायव्हर कमी म्हणून नवीन वेळा आणि नवीन रूट एकदम लागू केले, पहिल्या दिवशी शेवटची मुलं रात्री दहाच्या सुमारास घरी पोचली आणि नंतर बरेच दिवस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. रूट कागदावर बसतो तेव्हा त्यात सहा वर्षांचं मूल स्टॉप ओळखून उतरणार आहे याला लागणारी मिनिटं धरलेली नसतात.

स्टॉप ठरवताना दोन गोष्टी कधी विसरू नका. एक, व्हर्जिनियात दुभाजक असलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांना स्कूल बससाठी थांबायचं बंधन नाही, म्हणून अशा रस्त्यावर मुलं घराच्याच बाजूला चढली-उतरली पाहिजेत, मग बसला लांबचा वळसा पडला तरी चालेल. दुसरं, चाळीस फुटी बस शक्यतो रिव्हर्स घ्यायची नाही, म्हणजे प्रत्येक बंद गल्ली डोकेदुखी. पश्चिम लाउडनमध्ये तर अजून खडीचे कच्चे रस्ते आहेत, बर्फ पडला की पूर्वेकडे ऊन आणि पश्चिमेकडे घसरगुंडी. शिवाय अपंग मुलांची वाहतूक त्यांच्या शिक्षणाच्या आराखड्याचा भाग असते, ती द्यावीच लागते, आणि मॅकिनी-व्हेंटो कायद्याने बेघर झालेल्या मुलाला त्याच्या आधीच्याच शाळेत शिकायचा आणि तिथपर्यंत वाहनाचा हक्क आहे. या फेऱ्या खर्चिक म्हणून मीटिंगमध्ये कुणी कुरकुरलं तर गप्प बसू नका. त्या मुलाच्या आयुष्यात तेवढीच एक गोष्ट जागेवर असते.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. पाचवीपासून मी अहिल्याबाई होळकर योजनेच्या फुकट पासवर एसटीने शाळेत गेले. आमच्या वर्गातल्या ज्या मुलींच्या वाडीवर एसटी जात नव्हती त्या सातवीनंतर दिसल्या नाहीत. हुशार होत्या त्या.

बाउंड्री बदलण्याच्या सुनावण्या हा कामाचा अवघड भाग. नवी शाळा उघडली की आजूबाजूच्या चार शाळांच्या हद्दी हलतात, आणि पालक माइकवर येऊन रडतातसुद्धा. आपलेही असतात, काही जण नंतर "तुम्ही मराठी ना, जरा बघा ना" असंही म्हणतात. तिथे प्रेमाने पण स्पष्ट नाही म्हणायचं. मात्र ऐकायचं सगळं, कारण त्या गल्लीत संध्याकाळी ट्रक उभे राहतात हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत असतं.

नोकरीचं बोलायचं तर प्लॅनिंग, भूगोल, जीआयएस, सिव्हिल, संख्याशास्त्र, कुठूनही येता येतं. जाहिरातीत प्लॅनर, डेमोग्राफर, जीआयएस ॲनालिस्ट, राउटिंग स्पेशालिस्ट अशी नावं असतात, सगळी शोधा. आर्कजीआयएस हे सॉफ्टवेअर लागतंच, क्यूजीआयएस या फुकट सॉफ्टवेअरवर हात बसतो, सेन्ससच्या टायगर फाइल्स (रस्ते आणि हद्दींचे नकाशे) फुकट आहेत. एआयसीपी, म्हणजे प्लॅनर्सचं व्यावसायिक सर्टिफिकेट, नंतर केलं तरी चालतं. पगार आयटीपेक्षा कमी, पण पेन्शन आहे. स्टुडंट व्हिसावर असाल तर अर्जाच्या आधीच विचारा की ते स्पॉन्सर करतात का, बरीच सरकारी ऑफिसं करत नाहीत आणि शेवटच्या फेरीत कळलं की फार लागतं, माझं दोनदा झालंय.

आणि पोर्टफोलिओसाठी अमेरिकेचाच डेटा पाहिजे असं नाही. महाराष्ट्राच्या आरटीई नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीनच्या आत असं आहे. आपला तालुका घ्या, जिल्हा परिषदेच्या शाळा नकाशावर टाका, आधी सरळ रेषेत अंतर काढा आणि मग पायवाटेने, ओढा कुठे ओलांडता येतो आणि पावसाळ्यात कुठे नाही ते गावातल्या लोकांना विचारून. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून अर्जाबरोबर पाठवा. मागच्या वर्षी एका मुलाने त्याच्या पाटण तालुक्याचा असा नकाशा मला दाखवला, मी तासभर तोच बघत बसले होते.